मुलांची डोकेदुखी आणि मानेवरचे हात : वाचकांचे प्रश्न

या महिन्यातली बरीच पत्रं एकाच तक्रारीची आहेत. मुलाचं डोकं वारंवार दुखतं, गोळ्या देऊन कंटाळलो, कुणीतरी ‘ऑस्टिओपॅथी’ सुचवली, करावी का? सारखे प्रश्न एकत्र करून, नावं गाळून इथे घेतले आहेत. उत्तरं बालरोगतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट यांनी मिळून दिली आहेत.

प्रश्न : मुलगा दहा वर्षांचा, पाचवीत. सात-आठ महिने झाले, आठवड्यातून दोनदा तरी शाळेतून आला की दप्तर टाकतो आणि “माय, डोकं दुखस” म्हणत आडवा होतो. चष्म्याचा नंबर निघाला नाही. पुण्याची नणंद म्हणते ऑस्टिओपॅथी करा. हे होमिओपॅथीसारखं गोळ्यांचं असतं का? आणि दुखतं कपाळ, तर मानेला हात लावून काय होणार?
– एक आई, भुसावळ

उत्तर : गोळ्यांचा इथे काही संबंध नाही, नावातच काय ते साम्य. स्नायू, सांधे आणि त्यांच्यावरची आवरणं हातांनी तपासायची आणि हातांनीच सैल करायची, अशी ही पद्धत आहे. अमेरिकेतल्या अँड्र्यू टेलर स्टिल या डॉक्टरांनी ती १८७४ मध्ये मांडली आणि १८९२ मध्ये मिझुरी राज्यातल्या कर्क्सव्हिल गावी तिचं पहिलं विद्यालय काढलं. अमेरिकेत ही पदवी घेतलेला माणूस पूर्ण डॉक्टर असतो, औषधं लिहितो, शस्त्रक्रियाही करतो. ब्रिटनमध्ये १९९३ च्या कायद्याने हा वेगळा, नोंदणीकृत व्यवसाय झाला. आपल्याकडे मात्र जास्त करून फिजिओथेरपिस्टच वरचे अभ्यासक्रम करून हे उपचार देतात. म्हणून दारावरच्या पाटीवर काय लिहिलंय त्यापेक्षा मूळ पदवी कोणती आणि राज्य परिषदेचा नोंदणी क्रमांक कोणता, हे आधी विचारा. विचारण्यात काही गैर नाही. सांगायला कुणी आढेवेढे घेतले, तर तिथूनच परत फिरा.

आता कपाळ आणि मान. मानेच्या वरच्या तीन मणक्यांपाशी निघणाऱ्या नसा आणि चेहरा-कपाळाची संवेदना नेणारी नस, या दोन्ही मेंदूच्या बुंध्यात एकाच ठिकाणी येऊन मिळतात. दोन वस्त्यांच्या तारा एकाच डीपीवर आल्या की बिघाड नेमका कुठल्या वस्तीत आहे ते डीपीवरून कळत नाही, तसंच हे. मानेचे वरचे स्नायू आखडलेले असले तरी मेंदू ते दुखणं कपाळावर, भुवईच्या वर, डोळ्यामागे दाखवतो. मान सैल केल्यावर कपाळाला आराम पडू शकतो तो याच कारणाने.

पण ‘पडू शकतो’ या शब्दांवर जरा थांबा. मुलांची वारंवारची डोकेदुखी मुख्यतः दोन जातींची असते. पहिली ताणाची : डोक्याभोवती फडकं आवळल्यासारखी, दोन्ही बाजूंना, मध्यम दुखणारी, तशातही मूल खेळायला जातं. दुसरी मायग्रेन : ठणकणारी, २ तासांपासून ७२ तासांपर्यंत चालणारी, सोबत मळमळ किंवा उलटी, उजेड आणि आवाज नकोसा, आणि झोप लागली की उतरणारी. मोठ्यांची अर्धशिशी एका बाजूला दुखते, लहान मुलांची बऱ्याचदा दोन्ही बाजूंना कपाळावर दुखते. म्हणून घरात कुणाला ती ओळखूच येत नाही. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना एसटीत हमखास उलटी करणारं मूल आणि आईला किंवा मावशीला अर्धशिशी, ही जोडी दिसली की मायग्रेनचा संशय आधी घ्यावा. हातांच्या उपचारांना वाव आहे तो ताणाच्या डोकेदुखीत आणि मानेतून निघणाऱ्या डोकेदुखीत. मायग्रेनमध्ये ते फार तर जोडीला.

पुरावा किती? मुलांच्या डोकेदुखीवर ऑस्टिओपॅथीचे मोठे, काटेकोर प्रयोग हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही नाहीत. जवळचा म्हणावा असा एक प्रयोग डेन्मार्कमध्ये झाला आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. तो कायरोप्रॅक्टिकचा, म्हणजे मणक्यांच्या सांध्यांवर हातांनी उपचार करणाऱ्या शेजारच्या पद्धतीचा. ७ ते १४ वर्षांच्या १९९ मुलांपैकी निम्म्यांना खरा उपचार दिला, निम्म्यांना नुसता दिखाव्याचा. खऱ्या गटात दुखण्याचे दिवस आठवड्याला ०.८१ ने कमी झाले, दिखाव्याच्या गटात ०.४१ ने. दुखण्याची तीव्रता मात्र दोन्हीकडे सारखीच राहिली. फायदा आहे, पण आठवड्याला अर्ध्या दिवसाहूनही कमी. नणंदबाईंना हा आकडा जरूर सांगा.

मुलाला पाठवण्याआधी बालरोगतज्ज्ञांकडून चार गोष्टी करून घ्या : रक्तदाब, डोळ्याच्या आतल्या पडद्याची तपासणी (नंबर काढतात ती वेगळी), चालणं आणि तोल, आणि मानेची हालचाल. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, बाह्यरुग्ण विभागात हे सगळं होतं. दुखणं जुनं आहे, वाढत नाही आणि तपासणी व्यवस्थित आहे, तर एमआरआय बहुधा लागत नाही. केवळ मनाच्या समाधानासाठी सीटी स्कॅन तर नकोच. त्यात किरणोत्सर्ग असतो.

प्रश्न : मुलगी बारा वर्षांची. डॉक्टरांनी ताणाची डोकेदुखी सांगितली आहे. एका केंद्रात दहा बैठकांचे पैसे आधी भरा म्हणतात. एका बैठकीत नेमकं काय करतात? दहा लागतातच का? फरक पडला की नाही ते कसं कळणार?
– एक वडील, अमळनेर

उत्तर : दहाचे पैसे आधी भरू नका. तीन ते चार बैठका, आठवड्याला एक, एवढ्यावर निर्णय होतो.

पहिल्या बैठकीचा निम्मा वेळ विचारपूस आणि तपासणीत जायला हवा. दुखणं कधी, कुठे, किती वेळ, झोप किती, दप्तर कसं, मोबाइल कसा धरते, दात खाते का, सगळं विचारलं पाहिजे. मग मानेची हालचाल. एक चाचणी साधी आणि उपयोगी आहे : मुलीला उताणं झोपवून हनुवटी छातीकडे आणायची आणि तशीच मान डावीकडे-उजवीकडे वळवायची. खालची मान अशी वाकवली की वळायचं काम वरच्या दोन मणक्यांवर येतं. निरोगी मोठ्या माणसात हे वळणं प्रत्येक बाजूला साधारण ४४ अंश असतं. एका बाजूला ते ठळकपणे कमी भरलं आणि तिथेच ओळखीचं दुखणं उमटलं, तर मानेचा हात आहे असं धरायचं. दोन्ही बाजू मोकळ्या आणि सारख्या असतील, मानेचे स्नायूही मऊ असतील, तर मानेवर उपचार करायचं कारणच उरत नाही. चांगला थेरपिस्ट हे तोंडावर सांगतो.

उपचारातला मुख्य भाग दिसायला अगदीच साधा असतो. मुलगी उताणी, थेरपिस्ट डोक्याशी बसलेला. दोन्ही हातांची बोटं तो कवटीच्या मागच्या कडेखाली, मान जिथे सुरू होते त्या खोबणीत ठेवतो आणि डोक्याचं वजन बोटांच्या टोकांवर येऊ देतो. दाबत नाही, डोकं आपल्या वजनाने खाली येतं. पहिलं मिनिटभर स्नायू बोटांना ढकलत असल्यासारखे लागतात, मग लोणी सुटावं तसे मऊ होतात. २ ते ४ मिनिटं. चूक होते ती इथेच : घाई असली की बोटांऐवजी अंगठे लावले जातात, वरून जोर येतो, मान मागे कलते आणि मूल खांदे वर ओढतं. खांदे वर गेले की उपचार वाया गेला.

यानंतर खांद्यावरचे आणि मानेच्या बाजूचे स्नायू हलक्या ताणाने सैल करतात. मग मुलीला मान एका बाजूला, जिथे अडते तिथपर्यंत वळवायला सांगतात आणि थेरपिस्टच्या तळव्याला उलट बाजूने रेटायला लावतात. जोर किती, तर टेबलावरची वही सरकवायला लागेल इतकाच. ५ सेकंद रेटा, सैल सोडा, थोडं पुढे वळा, असं ३ ते ५ वेळा. मुलं इथे हमखास पूर्ण ताकद लावतात, त्यांना तो खेळ वाटतो. मग दुसऱ्या दिवशी मान भरून येते. एक दिवस थोडं अंग दुखलं, थकवा आला तर चालतं. चक्कर, हाताला मुंग्या, दोन-दोन दिसणं यातलं काहीही झालं तर तिथेच थांबायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं.

उपचाराच्या खोलीत आई किंवा वडील असलेच पाहिजेत. हात कुठे लावणार हे मुलीला आधी सांगून, तिने हो म्हटल्यावरच लावायचा.

आता मोजमाप. भिंतीवरच्या कालनिर्णयात दुधाचा हिशोब लिहितो त्याच चौकोनात दुखण्याचा हिशोब लिहा. दुखलं त्या दिवशी ० ते १० मधला आकडा, किती तास, गोळी दिली तर लाल टिंब, शाळा बुडाली तर फुली. उपचाराआधीचे ४ आठवडे आणि उपचार सुरू झाल्यानंतरचे ४ आठवडे शेजारी ठेवा. दुखण्याचे दिवस निम्म्यावर आले तर उत्तम. दहाचे नऊ झाले असतील तर तो फरक धरू नका, पैसे वाचवा. सुरुवात परीक्षा संपताना करू नका. सुट्टी लागली की अर्ध्या मुलांची डोकेदुखी तशीही कमी होते आणि श्रेय भलत्यालाच जातं.

‘फरक पडल्यासारखा वाटतोय’ यावर आम्ही एवढा अविश्वास का दाखवतो, त्याला आधार आहे. अमेरिकेत ८ ते १७ वर्षांच्या मायग्रेनच्या मुलांवर दोन प्रचलित औषधांची चाचणी झाली. दुखण्याचे दिवस निम्मे किंवा त्याहून कमी झालेली मुलं एका औषधाच्या गटात ५२ टक्के निघाली, दुसऱ्याच्या गटात ५५ टक्के आणि नुसत्या खोट्या गोळीच्या गटात ६१ टक्के. मुलांची डोकेदुखी आपणहून चढते-उतरते, आणि आपण उपचाराला जातो ते ती चढलेली असतानाच. त्यानंतर जो कुणी हात लावेल तो गुणी ठरतो!

प्रश्न : आमच्या गावात एक जण मान मोडून देतो. कट्ट आवाज आला की नस बसली म्हणतो. नातवाला (वय आठ) नेऊ का? मोठ्या माणसांना गुण आलेला आहे.
– एक आजी, शहादा तालुका

उत्तर : आजी, नेऊ नका. तो आवाज नस बसल्याचा नाही, हाड सरकल्याचाही नाही. सांध्यातल्या द्रवात वायूचा बुडबुडा तयार होतो, त्याचा तो आवाज. बोटं मोडताना येतो तसाच. मुलाच्या मानेचे बंध सैल असतात, मणक्यांचे सांधे मोठ्यांच्या मानाने सपाट असतात आणि धडाच्या मानाने डोकं जड असतं. झटका दिला की मान अपेक्षेपेक्षा लांब जाते. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या याच मणक्यांच्या भोकांतून वर जातात आणि झटक्याने त्यांचा आतला पदर फाटू शकतो. असं क्वचितच होतं, पण झालं तर पक्षाघात. डोकेदुखीसाठी इतका धोका कशाला पत्करायचा? केस कापल्यावर सलूनमध्ये मान मोडून देतात, तेही मुलांना नको. शिकलेल्या थेरपिस्टनेसुद्धा मुलाच्या मानेला झटका देऊ नये. मागच्या उत्तरात सांगितलेल्या पद्धतींमध्ये झटका कुठेच नाही.

डोक्याला हलक्या हाताने खोबरेल तेल चोळायचं असेल तर खुशाल चोळा. कापराचा बाम मात्र नाकाशी लावू नका आणि डबी हाताशी ठेवू नका. कापूर पोटात गेला तर लहान मुलाला झटके येतात.

प्रश्न : कवटीची हाडं सरकवून डोकेदुखी बरी करतात म्हणे. चार वर्षांच्या मुलाला चालेल?
– जळगाव

उत्तर : ही शाखा विल्यम सदरलँड यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात मांडली. कवटीची हाडं एका लयीत हलतात आणि ती लय बोटांना कळते, असा तिचा दावा आहे. एकाच मुलाला दोन थेरपिस्टांनी तपासलं तर दोघांची मोजलेली लय जुळत नाही, हे वारंवार दिसून आलं आहे. टाळू दीड वर्षापर्यंत भरून येते. त्यानंतर हलक्या बोटांनी हाडं सरकवणं सोडाच. हळुवार स्पर्शाने मूल शांत होतं, तो फायदा खरा, पण तो आईच्या मांडीवरही मिळतो.

त्यातही चार वर्षांचं मूल डोकं दुखतं म्हणतंय, तर थेरपीचा विचार नंतर. पाच-सहा वर्षांच्या आतल्या वारंवारच्या डोकेदुखीला आधी डॉक्टरच.

प्रश्न : मुलगी अकरा वर्षांची, वजन ३० किलो. पॅरासिटामॉलचं सिरप ५ मिली देते, गुण येत नाही, म्हणून दिवसाआड द्यावंच लागतं. हात लावून गोळ्या सुटतील का?
– धुळे

उत्तर : आधी बाटली पाहू. पॅरासिटामॉलचा एक डोस किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम असतो. ३० किलोला ३०० ते ४५० मिलिग्रॅम. बाजारात सिरप दोन ताकदींचं मिळतं : ५ मिलीमध्ये १२० मिलिग्रॅम आणि ५ मिलीमध्ये २५० मिलिग्रॅम. तुमच्याकडे पहिलं असेल तर ५ मिलीत तुम्ही १२० मिलिग्रॅम देताय, म्हणजे किलोमागे ४. त्याने गुण येणारच नाही. मूल तिसरीत असताना ठरलेलं झाकण सहावीतही तसंच चालू राहतं, ही फार नेहमीची चूक. २५० च्या बाटलीतून ६ ते ९ मिली हा तिचा डोस. दुखणं सुरू झाल्या झाल्या, पहिल्या अर्ध्या तासात द्या. ‘बघू उतरतं का’ म्हणत दोन तास थांबलं की मायग्रेनमध्ये पोटाचं काम मंदावतं आणि औषध पोटातच पडून राहतं. दोन डोसांत किमान ४ ते ६ तास, दिवसात ४ पेक्षा जास्त नाही.

आयबुप्रोफेन डॉक्टरांनी दिलं असेल तर किलोमागे १० मिलिग्रॅमपर्यंत, खाल्ल्यावर. उन्हातून आलेल्या, उलट्या झालेल्या, पाणी न प्यायलेल्या मुलाला ते देऊ नका. कोरड्या शरीरात ते किडनीवर येतं, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात ही शक्यता रोजची असते. ॲस्पिरिन मुलांना नको. निमेसुलाइड १२ वर्षांखाली देण्यावर देशात २०११ पासून बंदी आहे, तरी पॅरासिटामॉलसोबतच्या जोडगोळीच्या रूपाने ते घरात येतं. पाकिटावरचं नाव वाचा.

आता दिवसाआडचा प्रश्न. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं की गोळीच डोकेदुखी घडवू लागते. दिवसाआड म्हणजे तुम्ही त्या उंबरठ्यावर आहात. अशा वेळी मानेवर कितीही चांगले उपचार केले तरी गुण येत नाही, आणि लोक थेरपीला नावं ठेवतात. आठवड्यातून जास्तीत जास्त दोन दिवस, एवढ्यावर आणा. कमी करताना पहिला एक-दोन आठवडा दुखणं वाढतं, ते अपेक्षितच आहे. डॉक्टरांना सांगून करा. महिन्याला १५ किंवा जास्त दिवस डोकं दुखत असेल तर मुलांच्या समुपदेशकाची मदत घ्या. अशाच १० ते १७ वर्षांच्या मुलांच्या एका अभ्यासात औषधाच्या जोडीला विचार-वर्तनाचं प्रशिक्षण दिलं, तर महिन्यातले दुखण्याचे दिवस सरासरी ११.५ ने कमी झाले. औषधाला नुसती माहिती जोडलेल्या गटात ६.८ ने. हातांच्या उपचारांना अजून इतका आकडा दाखवता आलेला नाही.

प्रश्न : मार्चमध्ये सकाळची शाळा सुरू झाली की वर्गातली चार-पाच मुलं अकराच्या सुमारास डोकं धरून बसतात. शाळेत काय करता येईल?
– एक शिक्षिका, चोपडा

उत्तर : न्याहारी विचारा. सकाळची शाळा म्हणजे पाचला उठणं, चहा-खारी, आणि अकरापर्यंत पोटात दुसरं काही नाही. रात्री मात्र उकाड्याने बारापर्यंत गच्चीवर जाग. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास झोप लागते, इथे पाच मिळते. नऊ वाजता पाच मिनिटांची खाऊची सुट्टी आणि प्रत्येक तासाला दोन घोट पाणी, एवढ्याने त्या चार-पाचांतले दोन-तीन तरी कमी होतील. पाणी पुरतं की नाही ते लघवीच्या रंगावरून कळतं, फिकट हवी. मुली शाळेतल्या स्वच्छतागृहाच्या भीतीने पाणी पीत नाहीत, तेही पाहा. दप्तर वजनाच्या १० टक्क्यांच्या आत असावं, असं केंद्र सरकारचं २०२० चं शालेय दप्तर धोरण सांगतं : ३० किलोच्या मुलाला ३ किलो. पट्टे दोन्ही खांद्यांवर.

आणि शेवभाजीला, भरताला उगाच बदनाम करू नका. तिखटाने डोकं दुखतं असं सरसकट नाही. उपाशी पोटाने जास्त दुखतं.

प्रश्न : आमच्या पाड्यावर सिकलसेलची मुलं आहेत. त्यातल्या एकाचं डोकं दुखतं. मसाज शिबिराला पाठवू का?
– आशा कार्यकर्ती, धडगाव तालुका

उत्तर : नाही. सिकलसेल म्हणजे रक्तातल्या लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होण्याचा आनुवंशिक आजार. अशा मुलाचं डोकं नव्याने किंवा जोरात दुखू लागलं, हातपाय लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर त्याच तासाला रुग्णालय. या मुलांना लहान वयातच पक्षाघात होऊ शकतो.

तुमच्या वहीत आणखी लिहून ठेवा. पहाटे दुखण्याने जाग येणं आणि सोबत उलटी, खोकताना किंवा वाकताना दुखणं वाढणं, नव्याने तिरळेपणा किंवा दोन दिसणं, तोल जाणं, झटके, ताप आणि ताठ मान, डोक्याला मार लागल्यानंतरचं दुखणं, आठवड्यागणिक वाढत जाणारं दुखणं : यांत मानेला कुणाचाही हात लागू नये, आधी डॉक्टर. डाउन सिंड्रोमच्या मुलांची वरची मान सैल असू शकते, सांधेवाताच्या मुलांची सुजलेली; तिथेही नाही. डोक्यात पाणी झाल्यामुळे नळी बसवलेल्या मुलांनाही नाही.

प्रश्न : घरी करता येईल असं काही?
– पारोळा, रावेर, साक्री येथून

उत्तर : ताणाची डोकेदुखी आहे असं डॉक्टरांनी सांगितलं असेल तर हे करा. मुलाला भिंतीला पाठ लावून बसवा. नजर समोर, हनुवटी सरळ मागे न्यायची, खाली नाही. दुहेरी हनुवटी झाली की बरोबर. ५ सेकंद धरा, सोडा, १० वेळा, सकाळ-संध्याकाळ. मग खांदे कानांपर्यंत उचलून एकदम सोडायचे, ५ वेळा. शेवटी उताणं झोपून पोटावर वाटी ठेवायची आणि श्वासाने ती वर-खाली करायची, ५ मिनिटं; वाटी पडली की मूल हसतं, हसू द्या. दुखणं ऐन भरात असताना व्यायाम नको. तेव्हा अंधारी खोली, कपाळावर गार पाण्याची घडी, आणि टीव्ही बंद.